फोनच्या तारेवरचं इंटरनेट

बेलपाड्यात रेंज गेली की आपण मोबाईल घेऊन गच्चीवर जातो. मोबाईलच्या आधी इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं. आज त्या तारेची गोष्ट.

15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पण फोनची तार टाकलेली माणसाच्या आवाजासाठी. संगणकाची भाषा तिच्यावरून जायची कशी? त्यासाठी मोडेम नावाची छोटी पेटी. ती संगणकाच्या आकड्यांचा आवाज करायची, पलीकडची पेटी त्या आवाजाचे परत आकडे करायची. जोडताना ऐकू यायची ती किर्र-खर्र म्हणजे दोन पेट्यांनी आपसात वेग ठरवणं. आज एक फोटो क्षणात जातो, तेव्हा त्याला पाच-पाच मिनिटं लागत.

जोडणी झाली नाही की लोक पेटीवर थापा मारत. जाणता माणूस आधी रिसीव्हर कानाला लावायचा. टोनच नाही, तर तार तुटलेली. टोन आहे पण खरखर, तर सांध्यात पाणी शिरलेलं. आपल्याकडच्या पावसात ते ठरलेलंच. एंगेज येतोय, तर पलीकडच्या लाइनी भरलेल्या, रात्री उशिरा लावा. आणि चालू असताना मध्येच तुटलं, तर घरातला दुसरा फोन कुणीतरी उचललाय! बोलणी बहुधा सुनेलाच बसत असतील. वीज कडाडली की फोनची तारही काढून ठेवावी लागे, नाहीतर मोडेम जळायचा.

शहरात यामुळे एखादा ईमेल अडायचा. ऊसवाल्या गावात काय अडेल, ते बघा.

1998 मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या, कोल्हापूर-सांगलीतल्या 70 गावांसाठी सरकारने संगणक केंद्रांची योजना आणली. गावातला संगणक वारणानगरच्या मुख्य संगणकाशी जोडायचा. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती, सगळं गावात मिळणार असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात शेतकरी यायचा तो उसासाठी: लागणीची नोंद, तोडणीची परवानगी, खताची उधारी, भरलेलं वजन, बिल. म्हणजे थोडेसे आकडे. पण वीज गेली, संगणक बिघडला किंवा लाइन लागली नाही, की तेवढेही अडायचे. तोडणी लांबली की ऊस रानात वाळतो, वजन घटतं.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी तिथल्या सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाईल, आणि तेच आकडे एसएमएसने. संगणकावर होणारं सगळं काम त्यावर झालं, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना तोच जास्त पसंत पडला.

आपल्या गटासाठी संगणक घ्यायचं बोलणं चाललंय. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एवढंच लिहून आणा: महिन्याला आपण बँकेला नेमकं काय काय कळवतो.