बाळाच्या डोळ्यातला थेंब

पेनिसिलिनचा इतिहास शिकवताना आपण फ्लेमिंग यांच्या १९२८ सालच्या बुरशीवरून थेट १९४१ सालच्या ऑक्सफर्डवर उडी मारतो. पण मधल्या काळात शेफील्ड शहरात काही तान्ह्या बाळांचे डोळे याच बुरशीच्या रसाने वाचले होते.

त्या बाळांचा आजार जुनाच होता. आईला परमा झालेला असेल तर जन्माच्या वेळी त्याचे जिवाणू बाळाच्या डोळ्यांत शिरतात. दोन-चार दिवसांत पापण्या सुजतात, पू वाहू लागतो. वेळीच उपचार झाला नाही तर बुबुळावर फूल पडते, कधी बुबुळ फुटतेसुद्धा. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या अंधशाळांमध्ये अशी मुले पुष्कळ असत.

१८७९ साली आल्बर्ट नायसर यांनी हे जिवाणू, म्हणजे गोनोकॉकस, ओळखले. लाइपझिगच्या सूतिकागृहाचे प्रमुख कार्ल क्रेडे यांनी आधी प्रसूतीपूर्वी आईचा जननमार्ग धुऊन पाहिला. तेवढ्याने भागले नाही. मग १८८० पासून ते प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत २ टक्के सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब टाकू लागले. शंभरातल्या सुमारे दहा बाळांना होणारा आजार एकाहूनही कमी बाळांवर आला. मात्र हा थेंब आजार टाळणारा; एकदा जडलेला आजार त्याने हमखास बरा होत नसे. शिवाय डोळे चुरचुरत, ते वेगळेच.

शेफील्डचे सेसिल पेन हे फ्लेमिंग शिकवत त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनी फ्लेमिंग यांच्याकडून बुरशी मिळवली, वाढवली, आणि तिचा गाळलेला रस आधी दाढीच्या त्वचेवरील पुळ्यांवर लावून पाहिला. काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी तो बाळांच्या डोळ्यांत घातला. २५ नोव्हेंबर १९३० रोजी गोनोकॉकसने सुजलेले डोळे बरे झाल्याची नोंद आहे. पेनिसिलिनने रोग बरा झाल्याची ही सर्वांत जुनी उपलब्ध नोंद. पण बुरशी कधी रस देई, कधी देत नसे. पेन दुसऱ्या कामाकडे वळले आणि त्यांनी यातले काहीच छापले नाही. ते कागद शोधून काढून त्यांवरचा लेख प्रसिद्ध झाला तो १९८६ साली! आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे अर्धवट निकाल कपाटात ठेवतो, तेव्हा ही गोष्ट आम्हाला टोचते.

पुढे पेनिसिलिन मुबलक झाले तेव्हा हा आजार संपल्यातच जमा होता. त्याआधीची सल्फा औषधे १९४० च्या दशकातच निकामी ठरू लागली होती. १९७६ साली पेनिसिलिन तोडून टाकणारे विकर बनवणारे गोनोकॉकस इंग्लंड-अमेरिकेत सापडले. त्या विकराचे जनुक प्लाझमिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यावर होते. आज अशा बाळाला सेफ्ट्रियाक्झोनचे इंजेक्शन देतात. पण त्यालाही दाद न देणारा गोनोकॉकस २००९ साली जपानमध्ये सापडला. डोळ्यांत असा जिवाणू सापडणे दुर्मिळ, एवढाच दिलासा.

प्रतिबंधाच्या थेंबांची गोष्ट मात्र निराळी. पेनिसिलिन जिवाणूची भित्तिका विणणाऱ्या विकरांना अडवते. त्यामुळे विकर थोडे बदलले किंवा औषधच तोडले की जिवाणू सुटतो. आयोडीन एकाच वेळी अनेक प्रथिनांवर आणि पेशीच्या पटलावर हल्ला करते. एवढ्या सगळ्या ठिकाणी एकदम बदल करणे जिवाणूला फार कठीण. केनियात तीन हजारांहून अधिक बाळांच्या डोळ्यांत यातले वेगवेगळे थेंब घालून तुलना केली गेली. १९९५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेआधी त्वचेला लावतात ते तपकिरी पोव्हिडोन आयोडीन, २.५ टक्के तीव्रतेचे, तिथे प्रतिजैविकाच्या मलमापेक्षा सरस ठरले. ते स्वस्तही आहे.

ब्रिटनसारख्या काही देशांनी सरसकट थेंब घालणे सोडून गरोदरपणीच आईची तपासणी आणि उपचार यांवर भर दिला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१६ साली सर्व नवजात बाळांसाठी पाच पर्याय सुचवले. त्यांत तीन प्रतिजैविके आहेत, आयोडीन आहे, आणि क्रेडे यांच्या थेंबातले सिल्व्हर नायट्रेटही आहे, फक्त २ ऐवजी १ टक्का.