स्वरयंत्राचे स्नायू : दुखापत, दुरुस्ती आणि वार्धक्य

स्वररज्जू जवळ आणणे, दूर नेणे व ताणणे ही कामे स्वरयंत्रातले लहान स्नायू करतात. बोलणे, श्वास घेणे आणि गिळताना श्वासमार्ग मिटणे या तिन्ही गोष्टी त्यांच्यावर अवलंबून असतात. थायरॉइडची शस्त्रक्रिया, श्वासनलिकेत घातलेली नळी, रस्त्यावरचा अपघात, चाकात ओढणी अडकून गळ्याला बसलेला फास अशा कारणांनी त्यांना किंवा त्यांच्या तंत्रिकांना इजा होते.

इजेनंतर मृत तंतूंचे अवशेष भक्षक पेशी साफ करतात. मग तंतूंच्या कडेला सुप्त असलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होतात, विभागतात आणि एकमेकींत मिसळून नवे तंतू घडवतात. या पेशी अलेक्झांडर माउरो यांनी 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत प्रथम दाखवल्या. उतारवयात त्या उशिरा जाग्या होतात, दाह रेंगाळतो आणि तंतूंच्या जागी चरबी व तंतुमय ऊतक साचते. मात्र दोष केवळ पेशींचा नसतो. 2005 मध्ये तरुण व वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण जोडले असता वृद्ध उंदरांच्या पायांच्या स्नायूंमधील याच पेशी पुन्हा कामाला लागल्या. सशांच्या स्वरयंत्रात तर इजा नसतानाही त्या थोड्या प्रमाणात विभागत राहतात. त्यामुळे हातापायांच्या स्नायूंचे निष्कर्ष स्वरयंत्राला जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरते.

खरी अडचण बहुधा तंत्रिकेची असते. तिची वाढ दिवसाला साधारण 1 मिलिमीटर होते; डाव्या बाजूची तंत्रिका महाधमनीला वळसा घालून येत असल्याने तिचा मार्ग लांबचा. वयाबरोबर ही वाढ आणखी मंदावते आणि तोवर स्नायू सुकत जातो. तंत्रिकेचे तंतू चुकीच्या स्नायूला जोडले गेले, तर स्नायू जिवंत असूनही स्वररज्जू नीट हलत नाही.

वृद्धांत स्वररज्जू आधीच बारीक व बाकदार झालेले असतात, म्हणून तेवढ्याच इजेने अधिक नुकसान होते. आवाज श्वासमिश्रित व दुबळा होतोच. पण अन्नपाणी श्वासमार्गात जाऊन न्यूमोनिया होणे हा त्याहून गंभीर धोका आहे.

कायमस्वरूपी शस्त्रक्रियेपूर्वी सहसा 6 ते 12 महिने आपोआप सुधारणेची वाट पाहतात. तोपर्यंत स्वरोपचार आणि स्वररज्जूत भरणद्रव्याचे तात्पुरते इंजेक्शन उपयोगी पडते. ठसका लागणाऱ्या वृद्धासाठी हे इंजेक्शन लांबवू नये. नंतर नोबुहिको इशिकी यांनी 1974 मध्ये मांडलेली, स्वररज्जू मध्याकडे सरकवणारी शस्त्रक्रिया करता येते. तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज वयावर ढकलू नये. दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे.