पैनगंगेपलीकडचा पंधरा ऑगस्ट



ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत आपल्या मराठवाड्यात झेंडा दोनदा वर चढतो. एकदा पंधरा ऑगस्टला आणि पुन्हा सतरा सप्टेंबरला. गेल्या सप्टेंबरात आपल्या मंडळाचे झेंडावंदन झाल्यावर चहा चालला होता, तेव्हा एका लहान मुलीने विचारले, "स्वातंत्र्य दिन तर महिन्यापूर्वीच झाला, आता पुन्हा कशाला?" तिच्या आईने उत्तर दिले, "आपल्याला उशिरा मिळालं म्हणून." उत्तर खरे होते, पण अर्धे होते. शेजारी बसलेल्या एका बाईने त्याला स्वतःची पुस्ती जोडली. "त्या लोकांच्या तावडीतून सुटलो म्हणून," असे ती म्हणाली. ते ऐकून आपल्या मंडळातली एक मुसलमान भगिनी हातातला कप तसाच खाली ठेवून घरी गेली. त्या दिवसापासून मला चैन नाही. मुलीला पुरे उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझ्या आजेसासूबाई त्या काळातून गेल्या होत्या. त्या २००६ साली वारल्या. त्यांनी स्वतंत्र भारताचा पहिला वाढदिवस, म्हणजे १५ ऑगस्ट १९४८, पैनगंगेच्या पलीकडे राहून पाहिला. त्यांच्याकडून ऐकलेले आणि नंतर वाचून पडताळलेले येथे सांगते.

आधी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. आपला नांदेड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, उस्मानाबाद आणि नांदेड हे मराठवाड्याचे पाच जिल्हे, त्यांच्या जोडीला तेलंगण आणि कानडी मुलूख. दीड कोटीहून अधिक वस्तीचे ते राज्य होते. मीर उस्मान अली हे निजाम गादीवर होते. संस्थानात काँग्रेस १९३८ साली निघाली आणि लगेच बंदीत सापडली. त्या वेळी सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. ती बंदी उठायला १९४६ साल उजाडले. त्याच साली २९ ऑक्टोबरला बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली.

जून १९४७ मध्ये निजामांनी फर्मान काढले की, इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहणार. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला सत्याग्रह सुरू केला. संस्थान भारतात सामील करा, एवढीच मागणी होती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सारा देश दिवे लावीत असताना स्वामीजींना अटक झाली. आपल्या गावांत तिरंगा लावणाऱ्याच्या नशिबी तुरुंग होता. म्हणजे स्वातंत्र्य आले, पण सरहद्दीवर येऊन थांबले.

नोव्हेंबर १९४७ अखेर भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. स्वामीजी सुटले, पण जानेवारीत त्यांना पुन्हा पकडले. मूळचे लातूरचे वकील कासीम रझवी यांचे रझाकार दल मोकाट सुटले होते. लूट, जाळपोळ, खून यांना सुमार राहिला नाही. आपल्याच कंधार तालुक्यात कल्हाळीच्या गढीत आप्पासाहेब नाईक आणि त्यांचे साथीदार लढता लढता पडले. भूम तालुक्यातल्या ईट गावी गोदावरीबाई टेके रझाकारांशी लढताना मरण पावल्या. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हाती शस्त्र घेऊन लढल्या. बायका घरात बसून होत्या असे कोणी म्हणू नये.

अशा वेळी लढणारे तरुण सरहद्द ओलांडून भारताच्या हद्दीत गेले आणि तेथे कॅम्प उभे राहिले. सोलापूर, बार्शी, उमरखेड, चांदा अशा ठिकाणी हे कॅम्प होते. स्टेट काँग्रेसच्या कृती समितीचे अध्यक्ष दिगंबरराव बिंदू होते. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या मंडळींचा मुख्य कॅम्प उमरखेडला होता. उमरखेड काही दूर नव्हे. हदगावच्या पुढे पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागते. वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच, पण १९०२ साली ते इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतले होते, त्यामुळे तिकडे १९४७ साली तिरंगा लागला. नदी एक, भाषा एक, सोयरिकी दोन्ही तीरांवर, आणि मधून दोन राज्यांची हद्द गेलेली! आपल्याच देशात जायचे, पण परदेशात गेल्यासारखे राहायचे, असा तो प्रकार होता.

कॅम्पातले लोक रात्री अलीकडे येत, करोडगिरीचे नाके जाळीत, पटवाऱ्यांची दप्तरे पेटवीत आणि उजाडायच्या आत परत जात. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरखेडच्या मंडळींनी उमरी येथील सरकारी बँक ताब्यात घेतली. साहेबराव बारडकर, आबासाहेब लहानकर ही त्यांतली नावे. वीस लाखांच्या वर रक्कम हाती आली. त्याच संध्याकाळी दिल्लीत महात्माजींचा खून झाला. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि पुढे रक्कम सरकारात भरली गेली. अंगावर धड कपडा नसलेल्या माणसांनी हे केले, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

आमचे आजेसासरे असेच उमरखेडला गेले होते. ते पुढारी नव्हते. निरोप पोचवणे, धान्य वाहणे, नाक्यावर जायचे तेव्हा जाणे, एवढेच त्यांचे काम. गावात त्यांच्या घराचा तपास होऊ लागला, तेव्हा १९४८ च्या चैत्रात आजेसासूबाई तीन वर्षांच्या लेकराला घेऊन बैलगाडीने निघाल्या. निघताना घराची किल्ली त्यांनी शेजारच्या भाबीजवळ दिली. भाबीचे घर शिंप्याचे. तिचा नवरा गावाची बंड्या-परकर शिवी. भाबी म्हणाली, "जा अक्का, लेकराला जप. घर मी बघते." गोदावरी ओलांडून, हदगावच्या बाजूने, रात्रीचा प्रवास करीत त्या पैनगंगेला पोचल्या. पाणी गुडघाभर होते.

पलीकडे गेल्यावर पहिला धडा पैशाचा मिळाला. आपल्याकडे निजामाचा हाली रुपया चाले, तिकडे कलदार. सात हालींचे सहा कलदार हा भाव. म्हणजे चारमिनार छापलेला आपला चांदीचा रुपया पलीकडे पावणेचौदा आण्यांना. अलीकडे तर निजाम सरकारने भारताचा रुपया चालवायलाच मनाई केली होती. आजेसासूबाई म्हणत, "तिकडं माणसं लई चांगली होती माय. भाकर दिली, जागा दिली. पर रुपाया काढला की दुकानदार इचारायचा, मोगलाईतल्या का तुम्ही? मग ध्यानात यायचं, आपण पावनेच हाव."

असे सुमारे चार महिने काढल्यावर तो पंधरा ऑगस्ट आला. रविवार होता, श्रावण महिना होता. स्वातंत्र्याला एक वर्ष पुरे झाले म्हणून उमरखेडात सकाळी प्रभातफेरी निघाली. शाळेच्या मुलांना खाऊ वाटला. कॅम्पातल्या लोकांनाही आग्रहाचे बोलावणे होते. आजेसासऱ्यांसारखे पुष्कळ जण गेले, झेंड्याला नमस्कार केला, पण त्यांच्या तोंडून आवाज फुटेना. त्या वेळी स्वामीजी तुरुंगात होते. दिल्लीची बोलणी जूनमध्ये फिसकटली होती. पैनगंगा दुथडी भरलेली, त्यामुळे घरचा निरोप येत नव्हता. कोणाचा भाऊ मारला गेला, कोणाचे घर जळले, हे आठ आठ दिवसांनी कळे.

कॅम्पात त्या दिवशी दोन मते पडली, असे आजेसासूबाई सांगत. काही तरुण म्हणाले, आपले गाव मोकळे होत नाही तोवर हा सण आपला नाही, आपण गोड खाणार नाही. वडीलधारे म्हणाले, ज्या झेंड्यासाठी घरदार सोडले त्याचाच वाढदिवस, तो आपण नाही पाळायचा तर कोणी पाळायचा? शेवटी सर्वांनी मिळून झेंडावंदन केले आणि रात्री उपास सोडला तो भाकरी आणि आंबाडीच्या भाजीवर. आजेसासूबाईंनी लेकरासाठी गूळ आणायला हाली रुपया काढला होता. दुकानदाराने तो परत दिला आणि गूळ तसाच दिला. म्हणाला, "आज सण आहे, बाई." तो रुपया त्यांनी मोडला नाही. आजही तो आमच्या देव्हाऱ्यात आहे. त्या म्हणायच्या, "जसा आमचा रुपाया पावणेचौदा आण्याचा, तसं त्या साली आमचं स्वातंत्र्य."

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या लोकांना सणाचा राग आला नाही. आपल्याला मिळाले नाही म्हणून दुसऱ्याचे खोटे, असे ते म्हणाले नाहीत. जे मिळाले आहे ते खरे आहे आणि ते आपल्या गावापर्यंत पोचायचे आहे, हे त्यांनी त्या दिवशी मनात पक्के केले.

अशी वाट पाहणारे आपणच एकटे होतो असेही नाही. गोव्याची गोष्ट घ्या. सांगलीचे मोहन रानडे गोव्याच्या मुक्तीसाठी लढले. १९५५ साली ते पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे पोर्तुगीजांनी त्यांना आपल्या देशी नेऊन लिस्बनजवळच्या तुरुंगात ठेवले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये! गोव्यात मुक्तिदिन साजरे होत होते तेव्हा त्यासाठी लढलेला माणूस समुद्रापार कोठडीत होता. गायक सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी पुष्कळ खटपट केली. वाढदिवस साजरा करताना जो तेथे येऊ शकला नाही त्याची आठवण ठेवावी, हे यावरून आपण शिकावे.

आता आपल्या सतरा सप्टेंबरकडे येते. पंधरा ऑगस्टला आठवडा होतो न होतो तोच हैदराबादेत शोएबुल्ला खान यांचा खून झाला. 'इमरोज' या उर्दू पत्राचे ते तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे त्यांनी लिहिले, म्हणून रझाकारांनी त्यांना मारले. भगिनींनो, हे नाव लक्षात ठेवा. निजामाविरुद्ध लढताना प्राण देणाऱ्यांत मुसलमानही होते.

१३ सप्टेंबरला भारताची फौज शिरली. त्याला आपल्याकडे पोलीस ॲक्शन म्हणतात. १७ सप्टेंबरला निजामांनी हार मान्य केली आणि स्वामीजी सुटले. उमरखेडात त्या रात्री खरा सण झाला. पैनगंगेचे पाणी ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, आमची मंडळी गावी परतली.

भाबी दारातच बसली होती. तिने कमरेची किल्ली काढून आजेसासूबाईंच्या हातावर ठेवली. घरातले भांडे हलले नव्हते. पण भाबीचा नवरा घरात नव्हता. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत जमावाने त्याला धरून नेले, तो परत आला नाही. तो रझाकार नव्हता. तो कपडे शिवीत असे.

ही एका गावची गोष्ट नव्हे. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीला पाठवले होते. त्या वेळी संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांनी अंदाज दिला. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्याबरोबर आपले नांदेड होते. तो अहवाल पुष्कळ वर्षे लोकांसमोर आला नाही.

आजेसासूबाई दर सतरा सप्टेंबरला झेंड्याला हळदकुंकू वाहून येत आणि घरी आल्यावर दिवसभर फारसे बोलत नसत. मी नवी सून होते तेव्हा कारण विचारले. त्या म्हणाल्या, "आमची किल्ली तिनं सांभाळली. तिचा माणूस आमच्यानं सांभाळला गेला नाही. झेंडा बघितला की दोन्ही याद येतं." भाबी असेपर्यंत दर दिवाळीला पहिले ताट तिच्या घरी जाई.

म्हणून त्या लहान मुलीला मी असे उत्तर देईन. बाळ, पंधरा ऑगस्टला देश मोकळा झाला आणि सतरा सप्टेंबरला आपण त्या देशात पोचलो. आपल्याला अडवले होते ते एका राजाच्या हट्टाने आणि रझाकारांच्या जुलमाने. शेजारच्या भाबीने नव्हे. तिने तर आपले घर राखले.

रझाकारांचा जुलूम झाकावा असे मी म्हणत नाही. कल्हाळीची गढी विसरण्यासाठी नाही. पण जे लोक पलीकडे पाहुणे म्हणून राहिले, आपला रुपया पावणेचौदा आण्यांना मोजला जाताना ज्यांनी पाहिला, त्यांना परकेपणा काय असतो हे पुरते ठाऊक होते. त्यांचे वारस आपण. आपल्याच झेंड्याखाली कोणाला पाहुणे करून बसवणे आपल्याला शोभत नाही.

त्या भगिनीच्या घरी मी दुसऱ्याच दिवशी जाऊन आले. तिने चहा केला. ती पुन्हा मंडळात आली आहे, पण कोपऱ्यात बसते. येत्या सतरा सप्टेंबरला झेंड्याची दोरी तिच्या हाती द्यावी, असा ठराव मी मंडळापुढे मांडणार आहे. आपण सर्वजणी त्याला पाठिंबा द्याल, अशी आशा बाळगून हा लेख पुरा करते.