भट्टी, पंच आणि ग्रॉग

मोहाची फुले आंबवून भट्टीवर दारू गाळणे, हा आम्हां कलारांचा परंपरागत धंदा होता. पश्चिम किनाऱ्यावर हीच विद्या माडीपासून अर्क उतरवी. सतराव्या शतकात इंग्रज खलाशी अशा अर्कात साखर, लिंबू, पाणी व मसाला मिसळीत. त्या पेयाचे 'पंच' हे नाव आपल्या 'पाच' या संख्येवरूनच पडले, असे सामान्यतः मानतात. पुढे ब्रिटिश नौदलात रम आली. १७४० साली अ‍ॅडमिरल व्हर्नन यांनी तीत चौपट पाणी घालण्याचा हुकूम काढला, तेच 'ग्रॉग'. रमचा हा रोजचा शिधा १९७० साली बंद झाला.

आमच्या हिंगणीसह वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. व्यसनाने घरे बुडतात, म्हणून तिचे आम्ही स्वागतच करितो. परंतु गाळण्याची विद्या हीन नव्हती, हे जाणून समाजाच्या मुलामुलींनी पूर्वजांचा धंदा सांगताना मान खाली घालू नये.