लिहिलेली तबकडी आणि परका संगणक

अहमदनगर शहरांत १९६० सालीं स्थापन झालेलें ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. (शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, परंतु ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळचे कागद ‘अहमदनगर’ असेंच म्हणतात.) या संग्रहालयांत मोडी लिपींतील कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. कागद शाबूत, शाई काळीभोर, अक्षर वळणदार; आणि तरीही चांगला शिकलेला मनुष्य असा एखादा कागद हातीं घेतो, उलटासुलटा करून पाहतो आणि मुकाट्यानें खालीं ठेवतो. ओळ आधीं आंखून घ्यावयाची, मग लेखणी फारशी न उचलतां अक्षरें एकमेकांत मोडीत जावयाचें, ऱ्हस्वदीर्घाची फारशी तमा बाळगावयाची नाहीं, ही त्या लिपीची रीत. छापखान्यांस ती सोयीची नव्हती. १८४२ सालीं अमेरिकन मिशननें अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ सुरू केलें, तें बालबोधांत. पुढें विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शाळांतूनही मोडी गेली, आणि आजोबांचें खरेदीखत नातवास परकें झालें. त्याची किंमत किती मोजावी लागते हें २०२३ सालीं दिसून आलें. कुणबी नोंदींच्या शोधासाठीं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि दप्तरखान्यांतील जुनीं पानें वाचण्यासाठीं मोडी जाणणाऱ्यांची जिकडेतिकडे शोधाशोध सुरू झाली.

येथें दोष कागदाचा नाहीं, शाईचा नाहीं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांचाही नाहीं. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यांत जो संकेत ठरलेला होता तो मध्येंच कोठेंतरी तुटला आहे. एका संगणकावर लिहिलेली सीडी दुसऱ्या संगणकावर उघडत नाहीं, ही तक्रार याच जातीची आहे. भेद इतकाच कीं मोडीचा संकेत तुटण्यास शंभर वर्षें लागलीं, सीडीचा पांचदहा वर्षांत तुटतो.

ही तक्रार क्षुल्लक समजूं नये. साधारण २००० सालाच्या आगेमागें सुमारें पंधरा वर्षें मराठी कुटुंबांनीं व संस्थांनीं आपल्या जतन करण्याजोग्या वस्तु याच तबकड्यांवर ठेवल्या. लग्नाचें चित्रीकरण, वडील मंडळींचा आवाज, संस्थेचे अहवाल, स्मरणिकेचा मजकूर, जुन्या कागदांचीं छायाचित्रें, सारें त्यांवर. आज कपाट उघडून त्या बाहेर काढाव्या, तों कांहीं बोलतात, कांहीं बोलत नाहींत. हें असें कां व्हावें, याचें उत्तर त्या तबकडीच्या इतिहासांत आहे.

फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनीं १९८० सालीं संगीताच्या तबकडीचे नियम ठरविले आणि १९८२ च्या ऑक्टोबरांत जपानांत तिचें पहिलें यंत्र विक्रीस आलें. १२० मिलिमीटर व्यासाच्या त्या चकतीवर पांच किलोमीटरांहून लांब असा एकच सर्पिल माग असतो; दोन वळणांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित् अधिक. कारखान्यांत ठशानें उठविलेले सूक्ष्म खळगे त्या मागावर असतात. लेझरचा किरण त्यांवर पडतो, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून यंत्र आपला अर्थ लावतें. संगीतापुरता हा संकेत इतका पक्का होता कीं कोणत्याही कंपनीची तबकडी कोणत्याही यंत्रावर वाजे.

१९८३ सालीं याच तबकडीवर संगणकाची माहिती ठेवण्याचे नियम झाले, आणि घोटाळा तेथून सुरू झाला. माहितीचे तुकडे कसे मांडावे हें ठरलें. पण फाईलींचीं नांवें कोठें लिहावीं, अनुक्रमणिका कशी करावी, हें ठरलेंच नाहीं. प्रत्येक उत्पादकानें आपापली तऱ्हा काढली. पुस्तकाचा आकार सर्वांचा एक, पण अनुक्रमणिका कोणाची शेवटीं, कोणाची मध्यें, असा तो प्रकार. १९८५ सालीं अमेरिकेंतील नेवाडा प्रांतांत, टाहो सरोवराकांठच्या हाय सिएरा नांवाच्या हॉटेलांत, परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे लोक एकत्र बसले. त्यांनीं आंखलेल्या पद्धतीवरून १९८८ सालीं आयएसओ ९६६० हा आंतरराष्ट्रीय संकेत तयार झाला. सर्वांस झेपावें म्हणून तो फार तोकडा केला होता. त्याच्या पहिल्या पायरीवर नांवास आठ अक्षरें व पुढें तीन, तींही इंग्रजी मोठ्या लिपींतील; मराठी नांवाचा प्रश्नच नाहीं. १९९५ सालीं मायक्रोसॉफ्टनें ‘जोलिएट’ नांवाची पुरवणी जोडली, तेव्हां लांब नांवें व इतर लिपी आंत आल्या. ही पुरवणी न जाणणाऱ्या जुन्या संगणकांत तीच नांवें तोडलेलीं दिसतात. फाईल हरवली असें समजून लोक घाबरतात. ती असते, तिचें नांव मात्र मुंडावळलेलें असतें.

आतां घरीं लिहिण्याची तबकडी. जपानच्या तैयो युदेन कंपनीनें ती १९८८ सालीं तयार केली व १९९० मध्यें तिचे नियम प्रसिद्ध झाले. लोक ‘सीडी जाळली’ म्हणतात तें शब्दशः बरेंच खरें आहे. तिच्यांत खळगे नसतात. रंगद्रव्याचा पातळ थर असतो, आणि जोरदार लेझरनें त्यावर डाग उठविलेले असतात. वाचणाऱ्या यंत्रानें त्या डागांसच खळगे समजावें, अशी ही युक्ति आहे. कांहीं जुनीं यंत्रें या युक्तीला फसत नाहींत, आणि मग तबकडी वाचली जात नाहीं! पुसून पुन्हां लिहितां येणारी सीडी १९९७ सालीं आली. तिच्यांतून परत येणारा प्रकाश साध्या सीडीच्या मानानें तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकाच असतो. त्यामुळें तिच्या आधींच्या बहुतेक यंत्रांस ती कोरीच भासते.

परंतु सर्वांत अधिक तबकड्या बळी पडल्या त्या एका काटकसरीला. लिहिणें संपलें कीं यंत्रानें तबकडीच्या आरंभीं अनुक्रमणिका कोरून ती ‘बंद’ करावयाची असते. बंद होईपर्यंत त्या नोंदी अशा एका कोपऱ्यांत असतात कीं त्या केवळ लिहिणाऱ्या यंत्रासच कळतात. केवळ वाचणारें यंत्र तिकडे पाहतच नाहीं. पहिल्यांदा बंद करण्यांत सुमारें २२ मेगाबाइट जागा जाते, पुढें दर वेळीं १३. सातशें मेगाबाइटांच्या तबकडींत ही हानि ती काय? पण तबकडी महाग होती त्या दिवसांत मनुष्य म्हणे, राहूं द्या उघडी, पुढें आणखी भरूं. ती त्याच्या घरीं सुरेख चाले आणि पाहुण्याकडे गेली कीं मुकी होई. हाच मनुष्य पुढें संगणक विकून मोकळा झाला, म्हणजे तबकडी अनाथ झाली असें वाटे. तशी ती होत नाहीं. लिहिण्याची सोय असलेलें कोणतेंही चांगलें यंत्र बहुधा ती ओळखतें, आणि तेथेंच ‘क्लोज’ किंवा ‘फायनलाइज’ हा हुकूम दिला कीं इतरांसही ती वाचतां येते. याच्या भरीस विंडोज व्हिस्टानें, म्हणजे सर्वसामान्यांस २००७ पासून मिळूं लागलेल्या प्रणालीनें, तबकडीवर पेन-ड्राइव्हप्रमाणें हवें तेव्हां लिहावें अशी पद्धति आपण होऊन पुढें केली. तिचा संकेत यूडीएफ नांवाचा, निराळा. जुन्या संगणकांस व घरच्या सीडी-प्लेअरांस तो उमगत नाहीं. त्याच पडद्यावर ‘मास्टर्ड’ हा दुसरा पर्याय असे. तो निवडला कीं तबकडी कोठेंही चालण्याचा संभव वाढे. पण दोन ओळींच्या त्या प्रश्नाकडे लक्ष देण्याइतका धीर किती जणांस होता?

डीव्हीडीच्या काळांत आणखी एक भांडण वाढलें. लिहिण्याच्या डीव्हीडीचे दोन संप्रदाय झाले: एक वजाबाकीचा, १९९७ चा, दुसरा बेरजेचा, २००२ चा. ‘डीव्हीडी-आर’ आणि ‘डीव्हीडी+आर’ या नांवांतील त्या एका चिन्हासाठीं कित्येक घरांत यंत्र व तबकडी यांचें जमलें नाहीं. पुढें दोन्ही वाचणारीं यंत्रें निघालीं आणि तंटा आपोआप मिटला. असो.

मराठी मनुष्याची अडचण मात्र येथें संपत नाहीं. तबकडी उघडली तरी मजकूर उघडत नाहीं. भारतीय लिपींसाठीं सरकारमान्य संकेत १९९१ सालीं झाला. त्यामागें पुण्याच्या सीडॅक संस्थेचें काम होतें. त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली व तिच्यांत देवनागरी होती. तरीही छपाईच्या कामांत वर्षानुवर्षें श्रीलिपी, आकृती यांसारखे फॉन्ट चालले. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचें चित्र बसविलेलें असे. फॉन्ट असलेल्या संगणकावर निर्मळ मराठी. नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा नुसता उकिरडा. संस्थेच्या पंचवीस वर्षांपूर्वींच्या स्मरणिकेची सीडी उघडून असला मजकूर पाहिला कीं ती बिघडली असा ग्रह होतो आणि ती केरांत जाते. वस्तुतः तिचें एकही अक्षर बिघडलेलें नसतें. ही खरी मोडी! तिची किल्ली म्हणजे तो मूळ फॉन्ट, अथवा त्या फॉन्टावरून युनिकोडांत रूपांतर करणारी आज्ञावली. आणि दोन्ही अद्याप मिळूं शकतात.

संकेत शाबूत असून तबकडीच खराब झाली, असेंही घडतें. सीडीची चकाकी ज्या थरांत आहे तो खालच्या बाजूस नसून नांव लिहावयाच्या बाजूस, लाखेच्या अगदीं पातळ लेपाखालीं असतो. म्हणून खालचा ओरखडा पुष्कळदां निभावतो, वरचा निभावत नाहीं. टोकदार पेनानें नांव लिहिणें आणि चिकटपट्टी लावून मग ती ओढून काढणें, या दोन गोष्टींनीं जितकें नुकसान झालें तितकें धुळीनें झालें नसेल. नगरसारख्या उन्हाच्या जिल्ह्यांत खिडकीच्या कोनाड्यांत ठेवलेल्या तबकडीचें रंगद्रव्यही फिकें पडतें.

याच जिल्ह्यांत नेवाशास १२९० सालीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मूळ प्रत उरली नाहीं. तीनशें वर्षांत नकलांमागून नकला झाल्या, पाठ बिघडले, आणि १५८४ सालीं एकनाथांनीं प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. ग्रंथ टिकला तो नकलांमुळें, आणि नकला दुरुस्त झाल्या त्या एकाहून अधिक प्रती हातीं होत्या म्हणून. तबकडीच्या बाबतींत हाच क्रम धरावा लागतो, आणि वेळ थोडा आहे. २००८ सालीं ॲपलनें ‘मॅकबुक एअर’ हा तबकडीच्या कप्प्याशिवायचा संगणक काढला. त्यानंतर हळूहळू जवळजवळ सर्वच नव्या लॅपटॉपांतून तो कप्पा गेला. आज वाचणारें यंत्र यूएसबीच्या तारेनें बाहेरून जोडावें लागतें.

न उघडणारी तबकडी प्रथम मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेंत पुसावी. गोल फिरवून पुसूं नये, कारण मागाच्या दिशेनें पडलेला ओरखडा यंत्रास सांवरतां येत नाहीं. मग ती सीडी आहे कीं डीव्हीडी हें तिच्यावर छापलेलें पाहावें. डीव्हीडी सीडीच्या यंत्रांत कधींच चालणार नाहीं. त्यानंतर ती दोनतीन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत, विशेषतः लिहिण्याच्या यंत्रांत, घालून पाहावी. एकानें नाकारलेली तबकडी दुसरें निमूट वाचतें, असा अनुभव सर्रास येतो. ज्या संगणकावर ती लिहिली तो घरांत अद्याप असेल तर त्यालाच पहिला मान द्यावा. उघडली कीं तिच्यांत कांहींएक नवें न लिहितां सर्व मजकूर दोन निराळ्या ठिकाणीं उतरवून घ्यावा. मराठी मजकूर युनिकोडांत आणावा, परंतु मूळ फाईलही राखावी. रूपांतरांत जोडाक्षरें व रफार चुकतात, आणि ते ताडून पाहण्यास मूळ लागतें. ज्या फॉन्टांत तो मजकूर होता त्याचें नांव त्याच ठिकाणीं साध्या कागदावर लिहून ठेवावें.