नोझलचें दुखणें

कोल्हापूरहून पन्हाळ्याचा घाट चढतांना जुन्या धाटणीची डिझेल मालमोटार काळा धूर ओकूं लागली, तिला धाप लागली, कीं मिस्त्रीचा संशय इंधन फवारणाऱ्या नोझलवर जातो. या नोझलचा इतिहास मोठा नाहीं. रुडॉल्फ डिझेल यांचें इंजिन १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें यशस्वी झालें, तेव्हां इंधन दाबलेल्या हवेनें फवारलें जाई. हवा दाबणारें तें अवजड यंत्र मोटारीवर कोण वाहणार? डिझेल मालमोटारी १९२४ च्या सुमारास निघाल्या. पण रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत १९२७ पासून इंधनपंप मोठ्या संख्येनें होऊं लागले, तेव्हां कोठें त्यांचा जम बसला.

परीक्षा साधी आहे. इंजिन मंद चालत असतां मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचें नट किंचित् सैल करतो. धडधाकट सिलिंडरचें इंधन तुटतांच इंजिन अडखळतें. जेथें आवाज बदलत नाहीं, तेथें दुखणें. मात्र दोष नोझलचाच कीं दाब धरण्याचा, हें त्यावरून ठरत नाहीं. त्यासाठीं नोझल काढून हातपंपावर लावावें. फवारा धुक्यासारखा हवा. थेंब गळल्यास सुईची बैठक बिघडलेली. हात दूर ठेवावा, फवारा कातडी भेदतो. गळकें नोझल तसेंच चालविणारा पुढें पिस्टन जाळून बसतो. कॉमन रेल इंजिनांत मात्र चालत्या इंजिनाची नळी सैल करणें जिवावरचें आहे.