ठाणे-कल्याणच्या देवघरांतील शाळिग्राम

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही शहरे ज्या काळ्या पाषाणावर वसली आहेत, त्यात प्राचीन समुद्री प्राण्यांचे अवशेष सापडत नाहीत. पारसिकचे डोंगर काय किंवा शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात, १०६० मध्ये, उभे राहिलेले अंबरनाथचे शिवमंदिर काय, दोहोंचा दगड बेसॉल्टच आहे. म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेला आणि थरावर थर साचून थिजलेला लाव्हा. जीवाश्म तयार होण्यासाठी मृत जीव गाळात गाडला जावा लागतो, आणि तापलेल्या लाव्हात तसे घडत नाही. दोन लाव्हाप्रवाहांमधल्या शांत काळात तळ्यांत साचलेल्या गाळाने मात्र काही जीव जपले. मुंबईतील अशाच थरांतून मिळालेल्या इवल्या बेडकांच्या सांगाड्यांचे वर्णन रिचर्ड ओवेन याने १८४७ मध्ये प्रसिद्ध केले. पण ते गोड्या पाण्यातले जीव होते.

तरीही या परिसरातील असंख्य घरांत एक समुद्री जीवाश्म पिढ्यान्‌पिढ्या नित्य पुजला जातो, तो म्हणजे शाळिग्राम. विष्णुरूप मानला गेलेला हा काळा, गुळगुळीत गोटा अमोनाईट या नामशेष प्राण्याच्या शंखाभोवती तयार झालेला असतो. अमोनाईट दिसायला गोगलगाईसारखा वाटला तरी त्याचे नाते माकुल आणि अष्टपाद यांच्याशी होते. त्याचा वेटोळा शंख आतून पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेला असे, प्राणी सर्वांत बाहेरच्या कप्प्यात राही आणि उरलेल्या कप्प्यांतील वायू व द्रव यांच्या प्रमाणावर त्याचे पाण्यात तरंगणे अवलंबून असे. हिमालय उंचावण्यापूर्वी त्या जागी टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळाच्या काळ्या चिखलात हे शंख रुतले, भोवतीच्या गाळात खनिजे साकळून कठीण गोळे बनले, आणि पुढे तो समुद्रतळच उचलला जाऊन पर्वत झाला. नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या परिसरातून वाहणारी काळी गंडकी हे गोळे डोंगरातून सुटे करते, घासते आणि पात्रात आणून टाकते.

शाळिग्राम पारखण्याची परंपरा हा या इतिहासातील सर्वांत समृद्ध भाग आहे. वज्रकीट नावाचा किडा शिळा पोखरून आत चक्र कोरतो, अशी पुराणांची धारणा होती. आणि दगडातील आकृतीचा संबंध एखाद्या जिवाशी जोडण्याची ही कल्पना, जीव आणि दगड यांचे नाते उलटे लावूनही, विलक्षण निरीक्षणातून आलेली आहे. चक्रांची संख्या, ती ज्यातून दिसतात त्या मुखाचा म्हणजे द्वाराचा आकार, शिळेचा वर्ण, तिच्यावरील वनमालेसारखी रेषा, या लक्षणांवरून लक्ष्मीनारायण, दामोदर, वामन, नृसिंह असे भेद ठरवले गेले आणि अग्निपुराण, गरुडपुराण यांसारख्या ग्रंथांत ते नोंदले गेले. जीवाश्मांचे इतक्या बारकाईने केलेले जुने वर्गीकरण क्वचितच आढळते, आणि त्याचा हेतू धार्मिक होता म्हणून त्यामागच्या नजरेचे मोल उणे होत नाही.

महाराष्ट्रात शाळिग्राम मुख्यतः पंचायतन पूजेतून घराघरांत रुजला. या पूजेत पाच देवता पाच नैसर्गिक पाषाणांच्या रूपांत पूजल्या जातात. विष्णूसाठी गंडकीचा शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेचा बाण आणि गणपतीसाठी शोणभद्र नदीचा तांबडा दगड असतो. शाळिग्रामाची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही, कारण त्यात देवाचे सान्निध्य स्वयंसिद्ध मानले जाते. कार्तिकातील तुळशीच्या लग्नात वर म्हणून बाळकृष्ण किंवा शाळिग्राम असतो, आणि त्यामागे वृंदेच्या शापाने विष्णू शिळारूप झाल्याची कथा आहे. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यास आणि १८५४ मध्ये कल्याणास पोहोचली, आणि पुढच्या काळात कोकणातून व देशावरून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांबरोबर त्यांचे वडिलोपार्जित देवही आले.

युरोपीय अभ्यासकांपैकी फ्रेंच निसर्गवेत्ता सोनेरा याने १७८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथात शाळिग्राम हा अश्मीभूत शंख असल्याचे ओळखले होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फर्डिनांड स्टॉलिच्का याने १८६० च्या दशकात स्पितीच्या खोऱ्यातील त्याच जातीच्या काळ्या शेल खडकांचा, म्हणजे पापुद्र्यांनी सुटणाऱ्या चिखलखडकांचा, अभ्यास केला. त्यानंतर कच्छच्या अमोनाईटांवरील वागेन याचा ग्रंथ १८७३ ते १८७५ या काळात निघाला. या अभ्यासांनी गंडकीच्या शिळेला कालगणनेत जागा मिळवून दिली, आणि आज तिचे वय साधारण १४ ते १६ कोटी वर्षे मानले जाते. म्हणजेच डोंबिवलीतील देवघरात तबकात ठेवलेला शाळिग्राम त्या घराच्या पायाखालच्या कातळाहून दुपटीने जुना आहे.

या दोन दगडांचे नाते वयाच्या फरकापुरते नाही. दख्खनचा लाव्हा ज्या सुमारास वाहत होता, त्याच सुमारास जगभरच्या समुद्रांतून अमोनाईटांचा सारा वंश संपला. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ कोसळलेला प्रचंड अशनी हे त्या संहाराचे प्रमुख कारण मानले जाते. दख्खनच्या ज्वालामुखींतून सुटलेल्या वायूंनी त्याला कितपत हातभार लावला, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे.